वसंताला पाणी कुणी पाजलं

नागपूरला लोक संत्र्यांच्या दिवसांत जातात, नात्यातल्या लग्नाला जातात, नाहीतर अधिवेशनावर मोर्चा घेऊन जातात. मी गेले ती माझा भाऊ कुठे पडला ते बघायला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दिवाळी नुकतीच उलटली होती. माझा थोरला भाऊ वसंत हवाई दलात विमानं दुरुस्त करायच्या कामावर होता, नागपूरच्या बाजूला. दुरुस्त केलेलं विमान परत कामाला लावण्याआधी एकदा उडवून बघतात, आणि कधीकधी ज्यानं दुरुस्त केलं तोही सोबत बसतो. वसंत बसला. मौद्याकडच्या एका गावात, धानाच्या शेतात ते विमान पडलं. आत दोघंच होते, विमान चालवणारा अधिकारी आणि वसंत. तो चोवीस वर्षांचा, मी बारा वर्षांची. सांगलीला आमच्या घरी पेटी आली ती खिळे ठोकूनच, उघडू नका अशा सूचनेसकट. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, जागीच मृत्यू.

वडिलांनी पत्राची घडी घालून कपाटात ठेवली आणि विषय बंद केला. आईनं केला नाही. "जागीच म्हणजे कुठल्या जागी? तिथं कोण होतं? त्याच्या तोंडात पाणी कुणी घातलं का?" आज आई ब्याण्णव वर्षांची आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, मला कधी मावशीच्या नावानं हाक मारते, पण हा प्रश्न विसरलेली नाही. शेवटच्या घटकेला तोंडात पाणी पडलं नाही तर माणूस तहानलेलाच फिरतो, असं ती मानते. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मी असलं काही मानत नाही. पण यंदा श्रावणात ती दवाखान्यातून परत आली आणि म्हणाली, "सुमे, माझं आता काही खरं नाही. तू जाऊन विचारून ये. मी वर गेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?" आता यावर गणिताच्या बाईनं काय बोलायचं? मी तिकीट काढलं.

नंदनवन

हवाई दलाला पत्र लिहिलं होतं. उत्तर सभ्य आलं, पण जुनी कागदपत्रं हाताशी नाहीत असं आलं. मग ओळखीच्या ओळखीतून लांजेवारसाहेबांचा नंबर मिळाला. हे हवाई दलातून निवृत्त झालेले वॉरंट ऑफिसर, नागपूरच्या नंदनवन भागात राहतात. हवाई तळावरून उडालेली किंवा तळाकडे येता येता पडलेली जुनी विमानं कुठे कुठे पडली, त्या जागा शोधून काढायच्या, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर लाल ठिपके.

"एकूण किती?" मी विचारलं. सवय जात नाही.

"मले सापडले तितके," ते म्हणाले. "पुरा आकडा मले माहीत नाही. अन् ज्याले माहीत असन तो मले काहून सांगन?"

हे सगळं कशासाठी करता, असंही विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. "तीस वर्षं नटबोल्ट आवळले जी मी. आवळलेलं कुठं जाऊन पडलं, ते माहीत नको काय आपल्याले?"

त्यांच्याकडे एक लांबट वही आहे. प्रत्येक पानावर दोन रकाने, 'पाहिलं' आणि 'ऐकलं'. गावात कुणी काही सांगितलं की ते आधी एकच विचारतात, तुम्ही स्वतः पाहिलं काय? आणि उत्तराप्रमाणे रकाना निवडतात. "लोकं खोटं नाही बोलत म्याडम. पण आयकलेलं पाह्यल्यावानी सांगतात. पन्नास वर्षांनी त्याइले स्वतःलेच फरक समजत नाही."

तेवढ्यात त्यांच्या बायकोनं तर्री-पोहे आणले. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल रस्सा ओततात. आमच्याकडे पोह्यांवर असं काही ओतलं तर सासू माहेरी पाठवेल. त्यांनी तर्री जपून ओतली, तर मी म्हटलं, घाला हो, मी सांगलीची आहे, तिखटाचं मला कौतुक सांगू नका. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "दही देऊ काय वं ताई?" त्या माउलीनं हसू दाबत विचारलं. मी वाटी पुढे केली.

संध्याकाळी एकटीच गांधीबागेतल्या कापडबाजारात गेले. ज्या गावात भाऊ गेला तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही, ही आईची ताकीद होती. दुकानदारानं गादीवर वीसेक साड्या उलगडल्या. "कोणासाठी पाह्यजे मावशी? वय काय?" मला वय माहीत नव्हतं, माणूसही माहीत नव्हतं. शेवटी हिरवी, बारीक काठाची सुती साडी घेतली आणि बाजूला नारळ.

मौद्याच्या वाटेनं

लांजेवारसाहेबांची जुनी गाडी, मागच्या सीटवर वही आणि पाण्याचा कॅन. वाटेतले दोन ठिपके दाखवतो म्हणाले. पहिल्या ठिपक्यावर आता लग्नाचं लॉन आहे. पहारेकऱ्यानं आम्हाला गिऱ्हाईक समजून थेट जेवणाच्या ताटाचा भाव सांगितला. इथं कधी विमान पडलं होतं म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला आणि हे बाहेर कुणाला सांगू नका म्हणाला. लग्नाचं ठिकाण आहे, त्याचंही बरोबरच.

दुसरा ठिपका एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. तिथं शेंदूर लावलेला दगड होता, विमानदेव म्हणतात त्याला. पेरणीआधी सगळे शेतकरी नारळ फोडतात. जवळच्या शेळ्यांच्या कोठ्याला पत्र्याचं दार होतं, त्यावर ओळीनं रिबिटा, आणि तो पत्रा विमानाचा आहे हे मालकानं कौतुकानं दाखवलं. पन्नास पावसाळे झाले, गंज नाही, म्हणाला. मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्या दगडासमोर खाली बसले, हात जोडले आणि रडले. म्हणजे चांगलीच रडले. लांजेवारसाहेब बाजूला उभे राहिले. मी उठून डोळे पुसले, तेव्हा म्हणाले, "म्याडम, हे तुमचे नव्हेत. हे दुसरे. तुमचे अजून पुढे आहेत."

मला असा संताप आला. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही हात जोडले होते जी. मधात कसं बोलू?"

पुढचे दोन किलोमीटर मी खिडकीबाहेर बघत बसले. मग वाटलं, हाही कुणाचा तरी भाऊ असेलच, आणि त्याच्यासाठी इतक्या लांबून कोण आलंय? राग उतरला.

त्या शेळीवाल्यानं आणखी एक सांगितलं होतं. विमान गावावरच येत होतं, पायलटनं वळवून शेतात घातलं, म्हणून गाव वाचलं. गाडीत मी ते वहीत लिहायला सांगितलं. "लिहिलं हाये," लांजेवारसाहेब म्हणाले. "हरेक गावात हेच सांगतात. एखाद्या ठिकाणी खरंही असन. पण कसं हाये, मेला तो आपल्यासाठी मेला असं लोकाइले वाटलं पाह्यजे. उगाच मेला असं कोणी म्हणत नाही." दोन्ही बाजूंना धान पिकून पिवळं झालं होतं, कापणी चालू होती, आणि लांब वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या.

बाबारावांकडे

वसंत ज्या गावात पडला त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पाटलांच्या घरातल्या बाबारावांनी आमचं फार अगत्यानं केलं, आणि पुढं जे लिहायचं आहे ते त्यांना आवडणार नाही.

बाबाराव साठीचे. त्यांनी आधी शेत दाखवलं. वसंत पडला ती जागा म्हणजे धानाची एक बांधी, बांध घातलेला शेताचा तुकडा, बाकीच्या बांध्यांसारखीच. कुठं दगड नाही, काही नाही. बांधापासून शंभरएक पावलांवर त्यांची विहीर. बहात्तरच्या दुष्काळातही आटली नाही म्हणाले. मी बांधावर उभी राहिले आणि मला काहीच वाटेना. सगळं रडू त्या दुसऱ्याच्या दगडापाशी खर्चून आले होते.

घरी चहा झाल्यावर मी विचारलं, माझ्या भावाला कुणी पाणी पाजलं का?

"अरे, हे काय विचारणं झालं?" बाबाराव म्हणाले. "आमच्या आबाजीनं, म्हणजे आज्यानं, सोता गंगाजल टाकलं त्याच्या तोंडात. देवघरातला गडू घेऊन धावले होते. सारं गाव सांगते."

मला वाटलं, सुटले. पन्नास वर्षांचं ओझं उतरलं. मी बाबारावांच्या बायकोला हाक मारली, साडी दिली, नारळ दिला, कुंकू लावलं, तिनं वाकून नमस्कार केला. आईला फोन करायला मी पिशवीत हात घातला, तर लांजेवारसाहेबांचा आवाज आला.

"तुम्ही पाह्यलं काय?"

"मी नागपूरले होतो, शिकाले. पण म्हटलं ना, सारं गाव सांगते."

त्यांनी वहीत दुसऱ्या रकान्यात लिहिलं. मी त्यांना अंगणात नेलं आणि स्पष्ट सांगितलं की माझी आई ब्याण्णव वर्षांची आहे, मला उत्तर हवं होतं, ते मिळालं, आता तुमचे रकाने राहू द्या.

"मंग चला परत," ते म्हणाले. "माझी काही हरकत नाही."

ते भांडले असते तर बरं झालं असतं. मी आयुष्यभर काय केलं? रीत न दाखवता नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर पोरांना शून्य दिलं. आयाबाया शाळेत येऊन रडल्या, तरी दिलं. आणि आता माझ्या स्वतःच्या आईपुढे मी रीत नसलेलं उत्तर ठेवणार होते. मी परत आत गेले आणि विचारलं, त्या दिवशी शेतात असलेलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं कुणी आहे का गावात?

बाबाराव आठवू लागले. दारातून त्यांची बायको म्हणाली, "पंचफुलाबाई हाये ना. धान कापाले होती ते तेव्हा वावरात."

"ते काय सांगन?" बाबाराव म्हणाले. ते आमच्याबरोबर आले नाहीत.

पंचफुलाताई

गावाच्या दुसऱ्या टोकाला, निळ्या रंगाच्या बुद्धविहाराला लागून घर. छपरीत सत्तरीला टेकलेली एक उंच बाई तुरीच्या शेंगा सोलत होती. लांजेवारसाहेबांनी मी कोण ते सांगायला तोंड उघडलं, तर तिनं त्यांना हातानंच थांबवलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"घारेच डोये," ती म्हणाली. "बहीण काय त्याची?"

आमच्या घरात आम्हा दोघांचेच डोळे घारे. पेटी खिळे मारून आली होती आणि वसंताचा एकही फोटो कधी या गावात आला नव्हता. मी नुसती मान हलवली.

लांजेवारसाहेबांनी वही उघडली. पहिल्या रकान्यात लिहिताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

"सोळा वर्साची होती मी," पंचफुलाताई सांगू लागल्या. "लगन होऊन सहा महिने झाले होते. बांधीत धान कापून राह्यलो होतो. आवाज आला, मंग धूर. सारे पयाले. मी नाही पयाली. हिम्मत होती म्हणून नाही, पायच हलले नाही माये. एक जण तिथंच संपला होता. हा बांधाच्या इकडे फेकल्या गेला होता. हात हलवून राह्यला होता. पाणी म्हणे. मराठीच बोलला, मले नवल वाटलं. आमच्या गडव्यात जेवणाचं उरलेलं दोन घोट पाणी होतं. डोकं मांडीवर घेतलं अन् पाजलं. प्याला तो. मंग म्हणे, अजून."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं.

"गडवा खाली झाला होता. पाटलाची विहीर बाजूले होती, तुम्ही पाह्यली असन. पण आमाले त्या विहिरीवर चढाची मनाई. म्हणून मी बोडीवर गेली. धावत गेली. आली तवा संपला होता."

बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवलेलं लहान तळं. ती आम्हाला नंतर वाटेत दिसली. गाडीनंही दोन मिनिटं लागली.

मी विचारलं, हे आजवर कुणालाच कसं सांगितलं नाही? "सासरा म्हणे, तोंड उघडू नको. मिल्ट्रीवाले येतीन, त्याच्या घरचे येतीन, आमच्या पोराले बाटवलं म्हणतीन. धम्म घेतल्यावर आमच्या घरात जन्मलेलं पह्यलं लेकरू मी. माया बाप म्हणे, आता आपण कोणाचे खालचे नाही. पण भेव एवढ्या लवकर जाते काय?" पाटलांच्या गंगाजलाचं विचारलं तर म्हणाल्या, "मिल्ट्रीचा ट्रक आल्यावर सुरू झालं ते. बोलू द्या. त्यानं माया काय जाते?"

मग मीच सांगितलं. न विचारता. आमच्या सांगलीच्या घरी मागच्या दाराला फुटक्या कानाची कपबशी वेगळी ठेवलेली असायची. झाडायला येणाऱ्या बाईला पाणी वरून ओंजळीत ओतायचं, आणि ते ओतायची माझी आई. मला शरम वाटली आणि मी तसं म्हटलंही. पंचफुलाताईंनी ऐकून घेतलं. "होतंच तसं तवा," म्हणाल्या. एवढंच.

निघताना लक्षात आलं, माझ्याकडे द्यायला काहीच नाही. हिरवी साडी भलत्याच घरात गेली होती. तेही मी बोलून दाखवलं. त्या मोठ्यानं हसल्या. "पाटलीणबाईले हिरवा रंग शोभते." सुनेनं ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली, ती खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. आमच्याकडे वांग्यात शेंगदाण्याचं कूट घालतात, इथं जवसाचं घालतात. मी दोन भाकरी खाल्ल्या.

अंगणात आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "मायले सांगजा. पण नावासकट सांगजा. पंचफुला नारायण मेश्राम. अन् सारं सांगजा, विहिरीचंही. अर्धंच सांगायचं असन तं सांगूच नका. पन्नास वर्सं मी अर्धीच होती त्या गोष्टीत." मी सुनेचा फोन नंबर लिहून घेतला आणि हो म्हटलं.

सांगली

हो म्हणणं सोपं असतं. दारातून आत पाऊल टाकलं तर आई पलंगावर उठून बसलेली. "पाजलं का?"

"पाजलं," मी म्हटलं. "एका बाईनं. मांडीवर डोकं घेऊन."

आईनं दोन्ही हात जोडले आणि पन्नास वर्षांनी पहिल्यांदा ती मोकळी रडली. आता हिला विहीर कुठं सांगू? मी मनाशी म्हटलं, उत्तर मिळालं, पुरे. त्या रात्री आई स्वस्थ झोपली. मला मात्र अंगणातला तो दंडावरचा हात जाणवत राहिला.

सकाळी तिनं विचारलं, "नाव काय गं तिचं? दिवा लावताना घेईन."

मी पूर्ण नाव सांगितलं.

"हे आडनाव आपल्याकडचं नाही. कुणातली?"

मी सांगितलं. बौद्ध झालेल्या घरातली. आधीचंही सांगितलं. जेवायला वाढलं तर आई ताटावर नुसती बसून राहिली, भात चिवडला आणि उठली. मला वाटलं, संपलं, मी हिचं समाधान एका रात्रीत घालवलं. स्वतःवर चिडले, आणि तिच्यावरही चिडले, ब्याण्णवाव्या वर्षीही हेच का म्हणून.

चारच्या सुमाराला ती म्हणाली, "फोन लाव तिला."

आईला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर लावून मी तिच्या मांडीवर ठेवला. पलीकडे सुनेनं फोन सासूकडे दिल्याचं ऐकू आलं.

"मी वसंताची आई," आई म्हणाली.

"जय भीम, माय."

आई क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "पोटात गेलं का गं पाणी? का बाहेर आलं?"

"गेलं जी. दोन घोट प्याला. मंग अजून मांगलं."

हे मी आईला सांगितलं नव्हतं. मी फोनकडे हात नेला, आईनं तो बाजूला सारला.

"मग?"

"मंग मी आणाले गेली. येईपर्यंत संपला होता."

"जवळ विहीर नव्हती?"

"तुमच्या लेकीनं सांगतलं नाही काय?"

"नाही."

"होती माय. बाजूलेच होती. पाटलाची. आमाले मनाई होती. म्हणून मी बोडीवर गेली, लांब."

आईनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायला वाकले. तिनं मान हलवली. ऐकू गेलं होतं.

"ती विहीर माझी असती," आई फोनमध्ये म्हणाली, "तर मीही तुला चढू दिलं नसतं."

"माहीत हाये, माय," पंचफुलाताई म्हणाल्या.

फोन दोघींपैकी कुणीच ठेवला नाही.